ओले हात, कोरडे हात

आमच्या धंद्यात माणूस आधी हातावरून ओळखला जाई. ढोकीच्या आमच्या आडत दुकानात मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेजारी बसू लागलो तेव्हा त्यांनी दिलेला पहिला धडा वहीचा नव्हता, हाताचा होता. शेतकऱ्याने तुरीचे पोते उतरवले की अण्णा त्याचे तोंड सोडून कोपरापर्यंत हात आत घालीत, तळातून मूठभर दाणे काढीत आणि तळहातावर पसरून पाहत. वरून कोरडा दिसणारा माल पोटात ओला असेल तर ते डोळ्यांच्या आधी हाताला कळते, असे ते म्हणत. जनावरांच्या बाजारात तर रुमालाखाली हात घालून नुसत्या बोटांनीच भाव ठरे. तो व्यवहार आपल्या समाजाचा नव्हे. परंतु बाजाराच्या दिवशी ते दृश्य आम्ही कुतूहलाने पाहत असू. रुमालाखाली ज्याच्या हाताला घाम सुटला, त्याची नड समोरच्याने ओळखली, असे जुनी माणसे सांगत.

कोरडा हात कष्टाचा आणि ओला हात खोटेपणाचा, हा समज अशा रीतीने माझ्या मनात लहानपणीच रुजला. तो समज चुकीचा होता हे कळायला मला आयुष्याची सत्तर वर्षे लागली, आणि मधल्या काळात त्या समजापायी एका मुलावर माझ्याकडून अन्याय घडला. तीच हकिकत आज साधर्मी बंधू-भगिनींपुढे मांडावी असे वाटते.

अण्णांचे हात अतिशय कोरडे होते. तागाच्या पोत्यांची घासण, धान्याची धूळ आणि मराठवाड्याचा हिवाळ्यातला रुक्ष वारा यांनी मार्गशीर्षापासूनच त्यांच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडू लागत. पौषात त्या इतक्या खोल जात की सुतळीची गाठ सोडताना रक्त येई. रात्री आई कोमट केलेले करडीचे तेल त्यांच्या हातांना चोळी. भेगा फारच वाढल्या तर कोकणातून आणवलेला कोकमतेलाचा गोळा डब्यातून निघे. त्याचा तुकडा विस्तवाच्या उबेवर वितळवून ती एकेका भेगेत भरी आणि वरून जुन्या धोतराची चिंधी बांधी. सकाळी अण्णा चिंधी सोडून पुन्हा पोत्यात हात घालीत. त्या भेगांबद्दल घरात कोणी दुःख करीत नसे. उलट पाहुण्यांना त्या कौतुकाने दाखवल्या जात. कापडाचे दुकान चालवणारे माझे चुलते मात्र त्यांना हसून म्हणत, "अण्णा, तुम्ही आमच्या गादीवर बसू नका. रेशमी पातळाला तुमचा हात लागला की धागा ओढला जातो." आपल्या शेजारचे तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथून तलम कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, असा उल्लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक व्यापारी ग्रंथात, पेरिप्लसमध्ये, आहे. त्या काळच्या विणकरांना आणि व्यापाऱ्यांनाही आपल्या हातांची निगा राखावी लागली असेल, असे मला चुलत्यांच्या त्या बोलण्यावरून वाटत आले आहे.

आता त्या मुलाविषयी. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. दहावी झालेला, सुवाच्य अक्षराचा, परिस्थितीने गरीब असा एक मुलगा आम्ही दुकानात ठेवला. गल्ल्यावर बसणे आणि रोकडवही लिहिणे हे त्याचे काम. मुलगा हुशार होता. तोंडी हिशेबात मला मागे टाकी. परंतु त्याचे हात सदैव ओले असत. नोटा मोजून दिल्या की त्या दमट लागत. वहीच्या पानाखाली तो टीपकागद ठेवी, तरीही शाई फुटे आणि आकडे पसरत. तो पुनःपुन्हा हात विजारीला पुसे. गिऱ्हाईक समोर आले की ते पुसणे वाढे. मी त्याच्याकडे पाहू लागलो की आणखी वाढे.

एका संध्याकाळी रोकड जुळेना. पाचशे रुपये कमी येत होते, आणि त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. मी वही उघडली, तर नेमक्या त्याच दिवसाच्या दोन नोंदी पसरून अस्पष्ट झालेल्या. त्याच्या हाताकडे पाहिले. तळहातावर घामाचे थेंब उभे होते. चोराच्या मनात चांदणे, ही म्हण माझ्या मनात आली आणि तेथेच माझा निवाडा झाला. मी त्याला चोर म्हटले नाही. मोठ्या समजूतदारपणे एवढेच म्हणालो, "उद्यापासून तू गल्ल्यावर बसू नकोस, पोत्यांच्या मोजणीकडे बघ." त्याने मान खाली घातली. महिनाभर त्याने पोती मोजली आणि एके दिवशी तो आलाच नाही.

ते पाचशे रुपये चौथ्याच दिवशी सापडले होते. अण्णांनी हमालांना उचल दिली होती आणि ती लिहायची माझ्याकडूनच राहिली होती. मी चूक दुरुस्त करून रोजमेळ पुरा केला, पण त्या मुलाला काही सांगितले नाही. त्याला गल्ल्यावर परतही बसवले नाही. ओल्या हाताने नोटा दिलेल्या गिऱ्हाइकाला आवडत नाहीत, असे कारण मी स्वतःच्या मनाला दिले. वहीतली चूक मी खोडून नीट लिहिली. ही चूक मात्र तशीच राहिली.

पुढे किती वर्षे गेली. अण्णा गेले. दुकान मुलाने हाती घेतले, वह्यांच्या जागी संगणक आला. माझी नात दहावीला बसली. लहानपणापासून तिचे तळहात घामेजत, पण आम्ही ते हसण्यावारी नेत असू. "भित्री आहे," असे मीच अनेकदा म्हटले होते. गणिताच्या पेपराच्या दिवशी ती रडत घरी आली. उत्तरपत्रिका ओली होऊ नये म्हणून तिने हाताखाली रुमाल धरला होता आणि ती सारखी हात पुसत होती. पर्यवेक्षकांना संशय आला. त्यांनी तिला उभे करून रुमाल झटकून पाहिला, तळहात उघडून पाहिले. काहीच सापडले नाही. परंतु वर्गातल्या सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या. "आजोबा, मी काही केलं नव्हतं. त्यांनी विचारल्यावर हात आणखीच ओले झाले, तर त्यांना वाटलं की मी घाबरले, म्हणजे मी काहीतरी केलंच असणार." तिचे हे शब्द ऐकताना मला पोत्यांपाशी मान खाली घालून उभा असलेला तो मुलगा दिसला.

परीक्षा संपताच आम्ही तिला लातूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. माझी पत्नीही बरोबर होती. डॉक्टरांनी नातीला प्रथम विचारले, "झोपेत हात ओले असतात का?" ती म्हणाली, "नाही, सकाळी उठते तेव्हा कोरडे असतात." घरात आणखी कोणाला असे होते का, तळपायांनाही घाम येतो का, हेही त्यांनी विचारले. नंतर त्यांनी सांगितले ते माझ्या समजुतीप्रमाणे येथे देतो.

आपल्या शरीरावर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि त्यांची दाटी सर्वांत अधिक तळहातांवर व तळपायांवर असते. इतर अंगाला मुख्यतः उन्हाने आणि श्रमाने घाम येतो. तळहाताचा घाम मात्र मनावरील ताणाने अधिक सुटतो. काही जणांत या ग्रंथींना मज्जातंतूंकडून मिळणारा इशाराच वाजवीपेक्षा जोरदार असतो. हे बहुधा बालपणी किंवा किशोरवयात सुरू होते, दोन्ही हातांना सारखेच होते, झोपेत थांबते आणि पुष्कळदा घराण्यात चालत येते. यात मुलाचा दोष नाही आणि भित्रेपणाही नाही. घाम आला की लाज वाटते, लाजेने ताण वाढतो आणि ताणाने घाम वाढतो. म्हणून अशा मुलाला "हात पूस, हात पूस" असे म्हणत राहणे म्हणजे त्याचा त्रास वाढवणेच होय.

उपचार पायरीपायरीने होतात. पहिली पायरी म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराईडचे द्रावण. ते रात्री झोपताना, हात पूर्ण कोरडे करून लावायचे आणि सकाळी धुऊन टाकायचे. त्याने घामाच्या नलिकांची तोंडे काही काळ बंद होतात. आपल्याकडे अशा हातांना तुरटीचे पाणी लावण्याची रीत आहे. तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार. मात्र तिच्यापेक्षा हे औषध पुष्कळच प्रभावी. याने भागले नाही तर पाण्याच्या उथळ ताटांत हात ठेवून त्यातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडण्याची पद्धत आहे. सुरुवातीला आठवड्यातून काही वेळा, प्रत्येकी वीस-तीस मिनिटे ती करावी लागते. गरोदर स्त्रियांना आणि पेसमेकर बसवलेल्यांना ती चालत नाही. त्यापुढे पोटात घ्यायच्या गोळ्या आहेत, पण त्यांनी तोंड कोरडे पडते. बोटॉक्सची इंजेक्शने आहेत, त्यांचा गुण काही महिने टिकतो. अगदी शेवटी शस्त्रक्रिया आहे. परंतु तिच्यानंतर अनेकांना हाताऐवजी पाठीला, पोटाला, मांड्यांना भरमसाट घाम येऊ लागतो. म्हणून डॉक्टर तिची घाई करू देत नाहीत. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. मोठेपणी अचानक घाम सुरू झाला, रात्री अंथरूण भिजू लागले, वजन उतरू लागले किंवा एकाच बाजूला घाम येऊ लागला, तर तो निराळा विषय आहे. तेव्हा थायरॉईड, मधुमेह इत्यादींची तपासणी करून घ्यावी.

हे चालू असताना डॉक्टरांची नजर माझ्या पत्नीकडे गेली. ती हात पदराखाली घेऊन बसली होती. "आजी, तुमचेही हात दाखवा," ते म्हणाले. तिने संकोचाने हात पुढे केले. बोटांची टोके फुटलेली, पेरांवर लाल चिरा, एका अंगठ्याला तर नखाजवळ उघडी जखम. मी पन्नास वर्षे त्या हातांची भाकरी खात आलो होतो. ते हात कधी पाहिले नव्हते. आमच्या घरी पाणी उकळून वापरतात. दिवसातून पंचवीसदा हात धुतले जातात. भांडी पूर्वी राखेने निघत, आता तीव्र साबणाने निघतात. डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या कायमची लक्षात राहिली. बहुतेक सगळ्या अंगावर त्वचेला तेल पुरवणाऱ्या ग्रंथी असतात, तळहातावर मात्र त्या मुळीच नसतात. घामाच्या ग्रंथींची सर्वांत अधिक दाटी असलेल्या या जागी तेलाचा एकही थेंब तयार होत नाही. त्यामुळे साबणाने जे थोडे स्निग्धपण जाते ते तळहात लवकर भरून काढू शकत नाही. अण्णांच्या भेगांचे कौतुक आणि त्या मुलाच्या ओलेपणाचा संशय, दोन्ही मला त्या क्षणी सारखेच अडाणीपणाचे वाटले.

कोरड्या हातांसाठी सांगितलेली पथ्ये साधी आहेत, म्हणूनच ती पाळली जात नाहीत. हात गरम पाण्याने धुऊ नयेत, कोमट पाण्याने धुवावेत. साबण सौम्य व बिनवासाचा असावा. अंगठी घालणाऱ्याने तिच्याखालचा साबण नीट धुऊन काढावा, कारण खाज तेथूनच सुरू होते. हात धुतल्यावर टिपावेत, घासू नयेत आणि थोडी ओल असतानाच वर मलम किंवा तेल लावावे. ते ओल आत अडवून धरते. भांडी, धुणे आणि फरशी करताना रबरी हातमोजे घालावेत आणि त्यांच्या आत सुती मोजे असावेत, नाहीतर आतल्या घामाने त्वचा आणखी बिघडते. रात्री जाड थर लावून सुती मोजे घालून झोपावे. भेगांतून पाणी किंवा पू येऊ लागला, खाज थांबेना, किंवा सिमेंट, खत, रंग अशा एखाद्या वस्तूला हात लावला की त्रास उठतो असे दिसले, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरांना दाखवावे. मिरची-मसाल्याच्या, सिमेंटच्या आणि खतांच्या दुकानांत बसणाऱ्या आपल्या मंडळींनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

मलमाच्या बाबतीत पत्नीने एक प्रश्न विचारला, तो आपल्या वाचकांच्याही मनात येईल. "यात मेण, मध किंवा प्राण्यापासून काढलेलं काही आहे का?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितले की अनेक मलमांत लॅनोलिन असते आणि ते मेंढीच्या लोकरीपासून मिळते. काहींत मधमाशांचे मेण असते. ग्लिसरीन वनस्पतीचे किंवा चरबीचे, दोन्ही प्रकारचे असू शकते. वेष्टनावरील घटक वाचावेत, शंका आल्यास औषध विक्रेत्याला विचारावे. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून होते, तिच्याबद्दल ही शंका नाही. आमच्या घरी आता जेलीची डबी आणि कोकमतेलाचा गोळा दोन्ही मोरीजवळच्या फळीवर असतात. पत्नीच्या अंगठ्याची जखम तीन आठवड्यांत भरली.

नातीला औषधाने पहिला आठवडा चुरचुरले. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने ते एक रात्र सोडून लावू लागल्यावर चुरचुर थांबली आणि घाम निम्म्याहून कमी झाला. अगदी गेला नाही. त्या चातुर्मासात मुनिश्रींच्या आहारासाठी आमच्या घरी चौका लागला. सगळे आहार देण्यासाठी पुढे झाले. ही मात्र दाराशी उभी. आजीने नंतर कारण विचारले, तेव्हा म्हणाली, "कायशुद्धी म्हणताना माझा हात ओला असतो. खोटं बोलल्यासारखं वाटतं." ते ऐकून माझा जीव कळवळला. आजी मात्र शांत होती. ती म्हणाली, "बारा भावनांमधली अशुचिभावना तू पाठ केलीस ना? देह सगळ्यांचाच तसा आहे, तुझा एकटीचा नाही. हात प्रासुक पाण्याने धू, स्वच्छ कोरड्या वस्त्राने टिप आणि पुढे हो. आपल्या ऊसाच्या मुलखातल्या मुलीने मागे राहायचं नसतं. भगवान ऋषभदेवांचा पहिला आहार ऊसाच्या रसाचाच होता. राजा श्रेयांसांनी तो ओंजळीत दिला, म्हणून तर अक्षय्य तृतीया." दुसऱ्या दिवशी नात पुढे झाली. मुनिश्रींच्या ओंजळीत तिने घास ठेवला तेव्हा तिचा हात किंचित थरथरला, एवढेच.

त्या वर्षी दशलक्षण पर्व संपले आणि क्षमावाणीच्या दिवशी तेरच्या क्षेत्री आम्ही सर्वांना हात जोडले. दरवर्षी जोडतो. पण ज्याच्यापुढे जोडायला हवे होते तो तेथे नव्हता. मी मुलाला गाडी काढायला लावली. त्या मुलाचे, आता वयस्क झालेल्या त्या गृहस्थांचे, लातूर रस्त्यावरच्या एका गावात छोटे किराणा दुकान आहे, असे विचारपूस करून कळले होते. गल्ल्याशेजारी चौघडी केलेले एक फडके ठेवलेले मी आधी पाहिले; मग त्यांना ओळखले.

मी हात जोडले आणि ते पाचशे रुपये चौथ्या दिवशी सापडले होते हे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. "मालक, हे तेव्हा सांगितलं असतं तर..." एवढे म्हणून थांबले. नंतर म्हणाले, "घरी मी कुणाला बोललो नाही. मलाच वाटायचं, आपल्यातच काहीतरी खोट असेल, म्हणून हात असे आहेत." त्यांनी क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही, विचारण्याचा मला अधिकार नव्हता. चहा आला. चहा घेता घेता मी नातीची हकिकत सांगितली, तेव्हा मात्र ते पुढे सरकून बसले. "माझ्या धाकट्याचंही तसंच आहे. पोलीस भरतीची तयारी करतोय. दोरावर हात सटकतो म्हणतो. कोणत्या डॉक्टरांकडे गेला होता तुम्ही?"

खिशातल्या शाईच्या पेनने मी डॉक्टरांचे नाव, पत्ता आणि औषधाचे नाव एका चिठ्ठीवर लिहून दिले. त्यांनी ती घेतली आणि बोटाखाली शाई पसरली. ते ओशाळून हात पुसू लागले. मी त्यांना म्हटले, "राहू द्या," आणि दुसरी चिठ्ठी लिहून समोरच्या काट्यावर ठेवली.

आपल्या दुकानात, घरात, शाळेत जाणाऱ्या लेकरांत असे हात असतील. त्यांच्याबद्दल मनात काही ठरवण्यापूर्वी त्यांना जवळ बसवून एकदा विचारा. आणि घरातल्या मोठ्या स्त्रियांचे पदराखालचे हातही एकदा पाहा.

जय जिनेंद्र.